पोळ्याची कर आणि समुद्राचं उधाण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं. अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, आणि मधे त्या झाडासाठी दगडफेक, म्हणजे गोटमार. नागपुरात त्याच दिवशी मारबत निघते, सौंसरच्या गल्ल्यांतून पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढतात. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरचे कोळी-आगरी मात्र या तिथीला बांधाकडे आणि होडीच्या दोराकडे बघतात. पोळा श्रावणी अमावस्येचा, आणि अमावस्या म्हणजे उधाण.

अमावस्येला सूर्य-चंद्र एकाच बाजूला असतात, पौर्णिमेला समोरासमोर. दोन्ही वेळा त्यांची ओढ एका रेषेत येते. अष्टमीला ती काटकोनात असते, म्हणून भरती बेताची. तिला दर्यावर भांगाची भरती म्हणतात. पाणी मात्र चंद्राच्या हाकेला जरा उशिरा ओ देतं. त्यामुळे ऐन अमावस्येपेक्षा प्रतिपदा-द्वितीयेचं पाणी बहुधा वर चढतं. म्हणजे करीचंच! चंद्र तेव्हा पृथ्वीच्या जवळ असला आणि वर पावसाळी वारा असला, तर विचारायलाच नको. पंधरा दिवस आधीच्या नारळी पौर्णिमेलाही हेच.

भरतीची वेळ काढायला कोकणात कॅलेंडर पुरतं: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याचंच हे तोंडी गणित. थोडं चुकतं, पण होडी काढायला चालतं.

मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर गेली की महापालिका आधीच इशारा देते. भावनगरकडे खंभातच्या आखातात पाणी याच्या दुपटीहून अधिक चढतं. अलंगला मोडीत काढायची जहाजं अशाच मोठ्या भरतीवर थेट किनाऱ्यावर चढवतात.

विदर्भाला, सातपुड्याला पूर ठाऊक आहे. तो वरून येतो, गढूळ, आवाज करत. उधाण खालून येतं, कधी लख्ख उन्हात, गटाराच्या तोंडातून. 26 जुलै 2005 ला दोन्ही एकत्र आले: सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस आणि दुपारी 4.48 मीटरची भरती. पाणी जायला वाटच उरली नाही.

मुंबई मुळात बेटांची. महालक्ष्मी-वरळीमधल्या खिंडीतून भरती आत शिरायची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने ती अडवली. पायधुणी हे नाव राहिलं, पाय धुणारं पाणी गेलं. समोरच्या घारापुरीला मात्र समुद्र अजून चारी बाजूंनी आहे. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तिथली तीन गावं. ओहोटीला किनाऱ्यालगत नुसता चिखल उरतो, म्हणून धक्का लांबवर समुद्रात नेलाय आणि त्यावर पर्यटकांची चिमुकली गाडी धावते. तिथली लेणी बघायला जगभरची माणसं येत होती, पण गावांत वीज पोचली 2018 मध्ये, समुद्राखालच्या केबलने.

खरी झुंज पेण-अलिबागच्या खारेपाटात. तिथली भातशेती भरतीच्या पातळीपेक्षाही खाली, मातीच्या बांधाआड. बांधात उघाडी असते: भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप मिटते, ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी सोडते. खेकड्याने पोखरलेल्या बिळापाशी बांध खचला तर उधाणाच्या एका रात्रीत खांड पडते. मग मीठ धुवून निघेपर्यंत ती जमीन पुढचे काही पावसाळे पिकाला मुकते. पूर्वी बांध फुटला की अख्खं गाव टोपल्या-फावडी घेऊन धावायचं. शेतावर हक्क खोताचा, घाम कुळांचा, ही रीत मोडायला 1933 मध्ये अलिबागजवळच्या चरीचे शेतकरी उभे राहिले. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सहा वर्षं शेतं पडीक ठेवली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारं पाणी सोसणारे भाताचे वाण पुढे काढले. बांधांवरची कांदळवनं माजली की उघाड्या तुंबतात, तोडली की लाटा थेट मातीवर आपटतात. या तिढ्यावर खारेपाटात आजही दोन मतं आहेत.

सातपुड्याच्या पायथ्याला यातलं काहीच दिसत नाही. जामचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं उलट्या दिशेला, बंगालच्या उपसागराकडे जातं. पण चंद्र फक्त पाण्याला ओढत नाही. जमिनीचं कवचही त्या ओढीने दिवसातून दोनदा हळूच उचललं जातं, उधाणाच्या दिवशी सुमारे फूटभर. कधी कळत नाही, कारण घर, विहीर, झाडं, सगळंच सोबत वर जातं. करीच्या दुपारी, जामच्या पात्रातल्या पळसासाठी दगड सुटत असतात तेव्हा, दोन्ही काठ एकदमच वर आलेले असतात.