जुना संगणक भंगारात देऊ नका!

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीकडे कष्टकरी घरात संगणक येतो तो बहुधा सेकंडहँड. मुलामुलींच्या शिक्षणासाठी आईवडील पोटाला चिमटा घेऊन तो आणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ तर २०१७ पूर्वीच्या बहुतेक संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही. मग नवा संगणक हप्त्याने घ्यायचा काय? त्याआधी लिनक्सचा विचार करावा.

लिनक्स ही संगणक चालविणारी मोफत प्रणाली. फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. ज्वारी एकच, पण कुणाकडे भाकर होते, कुणाकडे कण्या, कुणाकडे आंबील. तसा गाभा एकच, रूपे अनेक.

उबुंटू : २००४ पासूनचे, जगभर परिचित रूप. दिसायला देखणे, पण निदान ४ जीबी रॅम हवी. जुन्या यंत्रावर जड जाते.

लिनक्स मिंट : २००६ साली उबुंटूवरूनच तयार झाले. मांडणी विंडोजसारखी असल्याने हात लवकर बसतो. त्यातील 'एक्सएफसीई' हा प्रकार २ जीबीवर चालतो, ४ जीबी असल्यास उत्तम.

डेबियन : १९९३ पासूनचे, अत्यंत भरवशाचे. मात्र बसविताना जाणकार सोबत असावा.

बॉस : सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर उभारलेले भारतीय रूप, २००७ पासून. मराठीसह भारतीय भाषांची सोय हे त्याचे वैशिष्ट्य.

घरगुती वापरासाठी आम्ही मिंट सुचवितो. पत्रे, अर्ज व हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स त्यात आयतेच मिळते. इनस्क्रिप्ट कळफलक सुरू केला की मराठीही टंकता येते.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. एमएस-सीआयटीच्या अभ्यासासाठी विंडोज व एमएस-ऑफिसचा सराव लागतो. मूल असे काही शिकत असेल, तर विंडोज पुसू नका. दोन्ही प्रणाली एकाच संगणकात ठेवता येतात.

शेवटी एक सूचना. मिंट पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करा. काहीही न पुसता वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते तपासा. पटले तर फोटो व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा, मगच ते बसवा. यासाठी पैसा नव्हे, एक रविवार लागतो.