संगणक म्हातारा झालाय की फक्त त्याची डिस्क?



रात्री साडेनऊला जेवणं आटोपून आपण संगणक चालू करतो. यू-डायसची माहिती भरायची असते, नाहीतर मुलांना शिष्यवृत्तीच्या सरावाचा पेपर छापून द्यायचा असतो. बटण दाबलं, चहा करून आणला, तरी पडद्यावर गोल फिरतंयच. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "आता नवीनच घ्या." माझ्या घरीही हेच चाललं होतं. २०१३ साली घेतलेला संगणक भंगारात जायच्या बेतात होता. एक भाग बदलला आणि तो आजही रोज वापरात आहे. तो भाग कोणता, तो बदलल्याने फरक का पडतो आणि बदलण्याआधी कोणती चूक टाळायची, हे आज समजून घेऊ.

आत नेमकं काय चालतं?

शाळेच्या कार्यालयाचं उदाहरण घ्या. टेबलावर बसलेले गुरुजी म्हणजे प्रोसेसर. टेबल म्हणजे रॅम. मागचं दप्तराचं कपाट म्हणजे हार्ड डिस्क. गुरुजी कितीही हुशार असले तरी प्रत्येक रजिस्टर आणायला एकच शिपाईमामा असतील आणि ते सावकाश चालत असतील, तर काम रखडणारच. जुन्या संगणकात बहुतेक वेळा असंच होतं. प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघत असतो.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच गोल तबकड्या फिरतात आणि एक बारीक दांडी पुढे-मागे सरकून माहिती वाचते. घरच्या संगणकात तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० वेळा फिरते, लॅपटॉपमध्ये ५४००. हे गणित पाचवीच्या मुलांनाही घालता येईल. ७२०० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. त्यात दांडी सरकण्याचा वेळ मिळवला की एक छोटी फाइल शोधायला साधारण १२ मिलिसेकंद जातात.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. पेनड्राइव्हसारख्या चिपमध्ये माहिती साठवलेली असते आणि ती साधारण ०.१ मिलिसेकंदात सापडते. समजा संगणक चालू होताना १०,००० छोटे तुकडे वाचावे लागले. जुन्या डिस्कला १२० सेकंद लागतील, एसएसडीला १ सेकंद. प्रत्यक्षात इतर कामंही असतात, त्यामुळे फरक इतका सरळ दिसत नाही. पण संगणक "पळतो" असं का वाटतं, ते यातून कळतं. माझा संगणक चालू व्हायला पाच-सहा मिनिटं लागायची, आता अर्ध्या मिनिटात चालू होतो.

आधी तपासा, मग खर्च करा

विंडोज १० असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन डिस्क आणि मेमरी हे दोन आकडे बघा.

डिस्क सतत १०० टक्क्यांजवळ आणि मेमरी निम्मी-अर्धी भरलेली असेल, तर दुखणं डिस्कचंच आहे. दोन्ही भरलेले असतील तर थांबा. रॅम कमी पडली की विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकते. टेबलावर जागा नाही म्हणून रजिस्टरं सारखी कपाटात ठेवायची आणि परत काढायची, तसंच हे. रॅम २ जीबीच असेल तर आधी ती वाढवा. रॅम ४ जीबी असेल तर साध्या कामाला एसएसडीने चांगला फरक पडतो, ८ जीबी असेल तर उत्तमच.

आणि दोन्ही आकडे कमी असूनही फक्त संकेतस्थळंच हळू उघडत असतील, तर दोष इंटरनेटचा किंवा त्या पोर्टलवरच्या गर्दीचा आहे. तिथे एसएसडी काही करू शकत नाही.

सांगलीत झालेली चूक

हा धडा मी साताऱ्यात माझ्या संगणकावर शिकले नाही, माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी सांगलीला शिकले. तिच्या संगणकाची डिस्क टक् टक् आवाज करायला लागली होती. तिने तो एका दुकानात दिला. दोन दिवसांत एसएसडी बसवून मिळाली. संध्याकाळी फोन आला, "अगं, मशीन एकदम पळतंय. पण डी ड्राइव्ह कुठाय?"

दुकानदाराने जुनी डिस्क फॉरमॅट करून दुसरीकडे वापरली होती. त्याने विचारलं नाही आणि ताईनेही सांगितलं नव्हतं. भाचीचे जन्मापासून बालवाडीपर्यंतचे फोटो त्या डी ड्राइव्हमध्ये होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. पहिलं काम माहिती वाचवायचं, दुसरं काम एसएसडीचं. डिस्क आवाज करत असेल तर संगणक उगाच चालू-बंद करत बसू नका, आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. दुकानात देताना "जुनी डिस्क मला परत हवी, फॉरमॅट करायची नाही" हे कागदावर लिहून द्या.

काय काय उतरवून घ्यायचं?

- डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि डी ड्राइव्ह. डेस्कटॉपवरच्या फाइली सी ड्राइव्हमध्ये असतात, हे पुष्कळ जण विसरतात.
- मराठी फॉन्ट. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतील आणि नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसेल, तर पानभर इंग्रजी गिचमिड दिसेल. फाइल बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट नसतो.
- ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत उतरवा आणि वही जपून ठेवा.
- प्रिंटर व स्कॅनरचं नाव आणि मॉडेल क्रमांक.

प्रत घेतल्यावर चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडल्या, तरच प्रत झाली म्हणायची.

कोणती घ्यायची, कशी बसवायची?

दहा-बारा वर्षांच्या बहुतेक संगणकांना अडीच इंची साटा एसएसडी चालते. दुकानात एनव्हीएमई नावाची पट्टीसारखी एसएसडीही दाखवतील. ती अधिक वेगवान असते, पण जुन्या मदरबोर्डवर तिची जागाच नसते. २४० किंवा २५६ जीबी पुरते. किमती वर-खाली होतात, दोन-तीन ठिकाणी विचारा. वॉरंटी असलेलीच घ्या.

घरच्या संगणकात विंडोज एसएसडीवर टाका आणि जुनी डिस्क चांगली असेल तर फोटो-व्हिडिओंसाठी आतच राहू द्या. लॅपटॉपमध्ये बहुधा एकाच डिस्कची जागा असते. मग जुनी डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून बाहेरून जोडता येते. विंडोज १० चा परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे फक्त डिस्क बदलली तर तो सहसा जात नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इतक्या जुन्या प्रोसेसरवर चालत नाही. एसएसडीने वेग येतो, सुरक्षा येत नाही. म्हणून जुन्या यंत्रावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली किंवा आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्स टाकण्याचा विचार करा. ब्राउझरमध्ये उघडणारी कामं तिथे बहुतेक होतात. विंडोज १० च ठेवली तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

एसएसडीही अमर नाही

जुनी डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा आवाज करते. एसएसडी अनेकदा काही न सांगता बंद पडते. त्यामुळे दुसरी प्रत हवीच, आणि तीही त्याच घरात नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, ते आपण पाहिलंय. संगणक आणि त्याशेजारच्या कपाटातली प्रत, दोन्ही एकाच पाण्यात जाऊ शकतात.

आम्ही दोघी बहिणींनी आता साधी पद्धत ठेवली आहे. ताईच्या फाइलींची एक प्रत साताऱ्यात माझ्याकडे, माझी सांगलीला तिच्याकडे. दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत भेटलो की डिस्क बदलून घेतो. भाचीचे ते फोटो परत आले नाहीत. नातेवाइकांच्या मोबाइलमधून शोधून शोधून अकरा मिळाले, ते मात्र आता दोन गावांत आहेत.

या रविवारी फक्त दोन कामं करा. टास्क मॅनेजर उघडून ते दोन आकडे बघा आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत काढा. एसएसडी पुढच्या महिन्यात घेतली तरी चालेल.