संगणकाची पदवी झाली. पुढे शिकावे की नोकरी धरावी?

गावोगाव फिरताना पूर्वी बियाण्याचे, खताचे, हुमणीचे प्रश्न येत. ते आजही येतात. पण अलीकडे चहाची बशी खाली ठेवता ठेवता घरधनी हळूच वेगळा विषय काढतो. "साहेब, पोरगं कॉम्प्युटरचं शिकलंय. मामा म्हणतो नोकरीला लाव. ते म्हणतं दोन वर्षं अजून शिकतो. आम्हाला त्यातलं काय कळतंय? तुम्हीच सांगा." हा प्रश्न आता एका घरचा राहिलेला नाही, म्हणून शेतकरी बंधुभगिनींसाठी तो येथे जरा सविस्तर मांडत आहे.

पहिली गोष्ट अशी की, 'कॉम्प्युटरचं शिकलाय' या शब्दांत दोन वेगळी पिके एकाच पोत्यात भरलेली असतात. एक चार वर्षांची अभियांत्रिकीची पदवी, म्हणजे बी. ई. किंवा बी. टेक.; दुसरी तीन वर्षांची बी. एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा बी. सी. ए. दोघांनाही प्रोग्रॅम लिहिता येतो, पण नोकरीच्या बाजारात दोघांचा भाव एक नाही. कंपन्यांच्या कित्येक जाहिरातींत अभियांत्रिकीची पदवी किंवा एम. सी. ए. अशी अट असते. तेथे बी. एस्सी.वाल्याचा अर्ज दारातच अडतो, किंवा त्याला खालच्या पगारावर घेतात. म्हणून बी. एस्सी. किंवा बी. सी. ए. झालेल्या मुलाने पुढे एम. सी. ए. करावे, याकडे माझा कल आहे. हा अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता, तो २०२० पासून दोन वर्षांचा झाला. एक वर्षाचा खर्च वाचला, ही मोठी सोय. राज्यातील प्रवेशासाठी एम. सी. ए.ची सीईटी असते आणि एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी 'निमसेट' नावाची वेगळी परीक्षा असते.

बी. ई. झालेल्याचे गणित निराळे आहे. त्याच्यासाठी नोकरीचे दार पदवीनेच उघडलेले असते. त्याने एम. टेक. कोठे करायचे, यावर सगळे अवलंबून आहे. आयआयटीत किंवा चांगल्या एनआयटीत जागा मिळत असेल तर वडिलांनी दोन वर्षे कळ काढावी. जवळच्या साध्या खासगी महाविद्यालयात, केवळ नोकरी लागली नाही म्हणून एम. टेक.ला नाव घालायचे असेल, तर मी तरी नको म्हणेन. अशा अनेक महाविद्यालयांत या जागा भरत नाहीत, त्यामुळे प्रवेश सहज मिळतो. सहज मिळाला म्हणून तो उपयोगाचा ठरत नाही. तेथील फाटकावरचा फलक वाचू नये. गेल्या दोन वर्षांत तेथून एम. टेक. झालेली तीन-चार मुले गाठावीत आणि आज कोठे, काय पगारावर आहेत ते त्यांच्याच तोंडून ऐकावे.

चांगल्या संस्थेत जाण्याची वाट 'गेट' या परीक्षेतून जाते. ती दरवर्षी फेब्रुवारीत होते. तीन तास, पासष्ट प्रश्न, शंभर गुण. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते आणि मिळालेले गुण तीन वर्षे चालतात. या शेवटच्या गोष्टीकडे पालकांचे लक्ष नसते. शेवटच्या वर्षातच मुलाने गेट दिली, तर नोकरी धरूनही पुढच्या वर्षी त्याच गुणांवर प्रवेश मागता येतो. म्हणजे जून महिन्यातच इकडे किंवा तिकडे उडी मारली पाहिजे असे नाही. शिवाय गेटच्या गुणांवर पूर्णवेळ एम. टेक.ला प्रवेश घेतलेल्या पात्र विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. गेट न देता प्रवेश घेतलेल्याला ते मिळत नाही.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. समजा, मुलाला महिना २५,००० रुपये हातात पडतील अशी नोकरी पुण्यात मिळते आहे. खोली, खानावळ, जाणे-येणे मिळून १२,००० गेले तर १३,००० उरले. दोन वर्षांत झाले ३,१२,०००. तोच मुलगा शिकायला गेला आणि फी वर्षाला एक लाख, राहण्या-जेवणाचे महिना दहा हजार धरले, तर दोन वर्षांत घरातून ४,४०,००० गेले. न आलेले आणि गेलेले मिळून फरक पडला ७,५२,००० रुपयांचा. विद्यावेतन मिळाले तर त्यातून २,९७,६०० वजा होतात आणि फरक ४,५४,४०० वर येतो. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपापल्या घरचे घालून पाहावेत.

हा फरक कधी भरून निघेल? येथे बहुतेकजण चुकीची तुलना करतात. एम. टेक. झालेल्याचा पगार ते नव्या पदवीधराच्या पगाराशी लावतात. तुलना व्हायला हवी ती दोन वर्षे नोकरीत मुरलेल्या वर्गमित्राशी, कारण त्याचाही पगार मधल्या काळात वाढलेला असतो. त्याच्यापेक्षा आपल्या मुलाला महिना १५,००० जास्त मिळाले, तर विद्यावेतनासह तीस महिन्यांत आणि विद्यावेतनाशिवाय पन्नास महिन्यांत पैसे परत येतात. पाच हजारच जास्त मिळाले, तर विद्यावेतन नसताना साडेबारा वर्षे लागतील. डाळिंब लावताना जसा आपण चौथ्या वर्षाचा विचार करतो, तसाच हा हिशेब आहे.

काही कामे मात्र अशी आहेत की, तेथे हा हिशेब करण्यात अर्थ नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे असेल तर पदव्युत्तर पदवी लागतेच. संशोधनाची गोडी असेल, यंत्राला शिकवण्याच्या नव्या शास्त्रात खोल जायचे असेल, तरीही दोन वर्षे चांगल्या गुरूपाशी घालवणे फायद्याचे. साधा, साचेबंद प्रोग्रॅम आता संगणक स्वतःच लिहून देऊ लागला आहे, त्यामुळे गणिताचा पाया पक्का असलेल्याला पुढे बरे दिवस आहेत असे मला वाटते. पण मुलाला गणिताचा कंटाळा असेल आणि हाताने काही बनवण्याची हौस असेल, तर त्याला नोकरीतच लवकर शिकता येईल.

मधली वाटही आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली, जिने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. तिचा सुमारे सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. दोन वर्षे थांबणे परवडत नाही आणि हाती नोकरीही नाही, अशा मुलाने याची चौकशी करावी. नोकरी करता करता इग्नूची एम. सी. ए. करणारेही आहेत, त्याला मात्र मनाचा निर्धार लागतो.

मुलींविषयी दोन शब्द. मुलाला "कुठं शिकायचं ते शीक" म्हणणारे घर मुलीच्या बाबतीत "आता पुरे, स्थळं येताहेत" म्हणते. नोकरी पुण्यात म्हणून नको, शिक्षण लांब म्हणून नको, आणि चार वर्षांच्या अभ्यासाचे कागद पेटीत जातात. ज्या बापाने ऊस मोडून फी भरली, त्याने तरी असे करू नये. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो. अल्पभूधारकांच्या मुलामुलींना डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून वसतिगृह निर्वाह भत्ताही मिळतो. अर्ज महाडीबीटीवर करायचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवावा. ऐनवेळी तेथे रांग असते.

कर्ज काढण्याची वेळ आली तर बँकेच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत. वडील मात्र सहकर्जदार असतात, म्हणून पीककर्ज थकलेले असेल तर अडचण येते. ते आधी नियमित करावे. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. मोठ्या कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत, कारण सरफेसी कायद्याने शेतजमिनीवर वसुली करता येत नाही. मग कोणीतरी सुचवते, "एकर-दीड एकर काढून टाका." परदेशी शिक्षणासाठी तर हे सर्रास ऐकू येते. अमेरिकेत संगणकाची मास्टर्स पदवी घेतल्यावर एक वर्ष आणि अधिक दोन वर्षे काम करता येते, पण पुढचा एच-१बी व्हिसा सोडतीवर असतो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणाही झाली. सोडतीच्या भरवशावर विकलेली जमीन परत मिळत नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत, राहण्याचा खर्च मात्र आधी खात्यात दाखवावा लागतो.

नोकरी धरायचे ठरले तर नेमणुकीचे पत्र नीट वाचावे. २०२२-२३ मध्ये कित्येक मुलांच्या हाती पत्र आले आणि रुजू होण्याची तारीख महिनोन्महिने पुढे गेली. तेव्हा पत्र आले म्हणून लगेच गावात पेढे वाटू नयेत आणि दुसरे अर्जही थांबवू नयेत. नोकरीसाठी अनामत किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागणाऱ्याच्या दारातून परत यावे. बंधपत्र असेल तर किती वर्षांचे, मधेच सोडल्यास किती रुपये, हे विचारून घ्यावे. तो नुसता कागद नसतो. एका सरकारी बँकेच्या प्रकरणात दोन लाखांची अशी अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. आणि मूळ गुणपत्रिका, सनद कंपनीत ठेवून घ्यायला मागितल्या तर देऊ नयेत. तपासायला दाखवाव्यात, झेरॉक्स द्यावी आणि मूळ कागद घेऊन घरी यावे. पुढे शिकायचे मनात आलेच, तर तेच कागद लागणार आहेत.