हक्क मिळाला, पुढे काय?

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. तेथील सर्व गावांच्या व शहरांच्या निवडणुका दर चार वर्षांनी, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, एकाच दिवशी होतात. महापौर थेट जनताच निवडते. व्हँकूव्हर शहरात तर वॉर्डच नाहीत. 2022 साली तेथील प्रत्येक मतदाराला एक महापौर, 10 नगरसेवक, 9 शाळा मंडळ सदस्य व 7 उद्यान मंडळ सदस्य निवडायचे होते. म्हणजे एका माणसाच्या हाती 27 मते!

पण हा हक्क सर्वांना सहज मिळालेला नाही. चिनी लोकांना तेथे आधीपासूनच मत नव्हते. 1907 साली भारतीयांचाही मताधिकार काढून घेण्यात आला. तो 1947 साली परत मिळाला आणि पाठोपाठ नगरपालिकेची मतपेटीही खुली झाली. 1950 साली मिशन या गावाने निरंजन सिंग ग्रेवाल यांना गावकारभारात निवडून दिले. 2022 साली केन सिम हे व्हँकूव्हरचे पहिले चिनी वंशाचे महापौर झाले.

आम्ही बँकेतली माणसे, शिल्लक पाहिल्याशिवाय खाते बंद करीत नाही. त्या दिवशी व्हँकूव्हरमध्ये शंभरातील सुमारे 36 मतदारांनीच मतदान केले. विद्यार्थी मित्रांनो, हिरावलेला हक्क लढून परत मिळवता येतो. पण न वापरलेल्या हक्काची साधी तक्रारही कुणाकडे करता येत नाही. म्हणून मतदार यादीत आपले नाव आहे की नाही, हे आधी आपणच पाहिले पाहिजे.