पिकअप एका बाजूला का ओढते?

भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांत तूर-सोयाबीनची पोती अडतीवर नेणाऱ्या पिकअपची खरी परीक्षा काळी माती घेते. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. डांबराखालचा भराव खाली-वर होतो आणि हादरे पुढच्या चाकांना बसतात.

स्टीअरिंग ओढू लागले की आपण थेट अलाइनमेंट करून घेतो. ते शेवटी करायचे असते. आधी टायर थंड असताना हवा तपासा. मग पुढचे दोन्ही टायर आपसांत बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. एकच चाक जास्त तापत असेल तर बहुधा ब्रेक चिकटतो आहे.

टायरची झीजही बोलते. करवतीसारखे दाते आले तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कोन, बिघडलेला. जागोजागी खळगे पडले तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग पाहा.

नंतर गाडी जॅकवर उचला, खाली भक्कम टेकू द्या आणि चाक हलवा. वर-खाली धरून खेळ जाणवला तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून जाणवला तर बहुधा टायरॉड एंड. कमानपाटे बसलेत का, तेही पाहा. सैल भाग बदलल्याशिवाय केलेले अलाइनमेंट टिकत नाही.