आज्ञावलीच्या चाचणीत नमुना-फाइलींचा उपयोग : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील तालुक्यांच्या यादीच्या आधारे

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी आज्ञावली चालवितो, कळफलकावरून दोन-चार आकडे देतो, पडद्यावर उत्तर उमटते आणि परीक्षकाचे समाधान होते. ही तपासणी त्या क्षणापुरतीच असते. उद्या आज्ञावलीतील एक ओळ बदलली, तर कालचे बरोबर उत्तर आजही बरोबर येते किंवा कसे, हे ठरविण्याचे साधन हाती उरत नाही.

कमांड-लाइनवर चालणाऱ्या आज्ञावलींपुरता यावर सोपा उपाय आहे. आदान एका फाइलीत लिहून ठेवावे, अपेक्षित प्रदान दुसऱ्या फाइलीत. '<' या चिन्हाने पहिली फाइल आज्ञावलीस पुरवावी, '>' ने निघालेले उत्तर तिसऱ्या फाइलीत घ्यावे आणि 'डिफ' या आज्ञेने दुसरी व तिसरी फाइल ताडून पाहावी. डिफने काहीच दाखविले नाही, तर चाचणी उत्तीर्ण. डिफ ही आज्ञा १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत आली. डोनाल्ड नूथ यांनी 'टेक्' या अक्षरजुळणी-प्रणालीसाठी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली 'ट्रिप' चाचणी याच जातीची आहे.

पद्धत सोपी असली, तरी अपेक्षित फाइल कोणी व कशी तयार करावी हा प्रश्न सोपा नाही. आज्ञावली एकदा चालवून तिचेच उत्तर 'अपेक्षित' म्हणून जतन करण्याचा मोह सर्वांनाच होतो. तसे केल्यास आज्ञावलीतील चूक प्रमाण ठरते आणि पुढे ती दुरुस्त करणाराच अनुत्तीर्ण होतो.

नांदेड जिल्ह्यातील १६ आणि लातूर जिल्ह्यातील १० अशा २६ तालुक्यांची नावे अकारविल्हे लावणारी आज्ञावली उदाहरणादाखल घेता येईल. युनिकोडमधील क्रमांकांप्रमाणे लावल्यास 'कंधार' आधी व 'किनवट' नंतर येतो, कारण अनुस्वाराचा क्रमांक सर्व मात्रांच्या आधीचा आहे. बाराखडीत मात्र 'कं' हा 'कौ' नंतर येतो. त्या हिशेबाने किनवट आधी हवा. नांदेड व नायगाव यांच्याबाबतीतही हाच पेच पडतो. कोणता क्रम स्वीकारावयाचा हे संगणक ठरवू शकत नाही. तो निर्णय मराठी जाणणाऱ्याने घ्यावयाचा असतो आणि अपेक्षित फाइल ही त्या निर्णयाची लेखी नोंद असते. म्हणून ती हाताने लिहावी. शक्य असल्यास भाषा विभागातील सहकाऱ्याकडून तपासून घ्यावी.

नमुना निवडतानाही विचार हवा. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' च्या लगत आहे, तर मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. वरील २६ नावांत हा फरक उघड करणारी एकही जोडी नाही. त्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील 'कळंब' आणि सांगली जिल्ह्यातील 'कवठे महांकाळ' ही नावे यादीत घालावी लागतील. जी चाचणी चुकूच शकत नाही, तिच्या उत्तीर्ण होण्याला अर्थ नाही.

उलट, उत्तर बरोबर असूनही डिफ तक्रार करते, असेही घडते. विंडोजवर तयार झालेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात, लिनक्सवर एकच; त्यामुळे डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या सर्वच ओळी भिन्न ठरतात. जुन्या नोटपॅडने यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी घातलेले अदृश्य चिन्ह तर अधिक खोडकर आहे. निव्वळ बाइटक्रमाने लावताना त्यामुळे आदानातील पहिले नाव थेट यादीच्या तळाशी जाते. 'शेतकऱ्यांची' या शब्दातील 'ऱ्य' कोणी स्वतंत्र 'ऱ' वापरून लिहितो, कोणी साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडक वापरून. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. हा भेद दूर करणारी पायरी वेगळी लिहावी लागते.

असे भेद गाळून तुलना करावी काय, हे आज्ञावलीच्या हेतूवर अवलंबून आहे. ट्रिप चाचणीतही तारीख-वेळ व अपूर्णांकांतील किंचित फरक क्षम्य मानले आहेत. परंतु कोणते फरक क्षम्य, हे तेथे आधीच लिहून ठेवलेले आहे. प्रात्यक्षिकाच्या मूल्यमापनातही ती यादी आदान व अपेक्षित फाइलींसोबत विद्यार्थ्यांना आरंभीच द्यावयास हवी. अन्यथा एका अदृश्य चिन्हापायी गुण गेल्याचे कारण विद्यार्थ्याला पडद्यावर शोधूनही सापडत नाही.