चढत जाणारा शोक

घरातलं माणूस गेलं की दुःखाची धार पहिल्या दिवशी सर्वांत तीव्र असते, मग हळूहळू ओसरते. ज्यूंचे सुतकाचे नियमही त्याच क्रमाने सैल होतात. पहिले सात दिवस घरातच खाली बसायचं, तीस दिवस केस कापायचे नाहीत, आईवडील गेले असतील तर वर्षभर समारंभ टाळायचे. आव महिन्याच्या नवमीचा, म्हणजे ‘तिशा बआव’चा शोक मात्र उलटा चालतो.

जुलै-ऑगस्टमध्ये येणारा हा उपास जेरुसलेमच्या मंदिरांसाठी असतो. पहिलं मंदिर इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने पाडलं, दुसरं इ.स. ७० मध्ये रोमनांनी. इतक्या जुन्या घटनेचं दुःख आपोआप होत नाही. ते आणावं लागतं, आणि ते काम घराकडे येतं.

तीन आठवडे आधी लग्नकार्यं आणि गाणंबजावणं थांबतं. आवच्या पहिल्या दिवसापासून शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सोडून मांस आणि वाइन बंद. युरोपीय परंपरेच्या घरांत तेव्हापासून धुणंही बंद होतं आणि परीटघडीचे कपडे अंगाला लावायचे नसतात. यावर गृहिणींनी नियमात बसणारी सोय काढली आहे: लागणारे सदरे आधीच थोडा वेळ घालून त्यांची घडी मोडून ठेवायची! तान्ह्या बाळाच्या लंगोटांना अर्थातच सूट आहे.

उपासाआधीचं शेवटचं जेवण जमिनीवर बसून, ज्याचं त्याने एकट्याने करायचं. भाकरीचा तुकडा, सोबत उकडलेलं अंडं, त्याला राख लावलेली. सुतकातल्या घरीही शेजारी पहिल्या जेवणाला अंडीच आणतात. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी तर या उपासाला वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा रोजा’च म्हटलं.

सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आंघोळ नाही, चामड्याची पादत्राणं नाहीत, एकमेकांना नमस्कारही नाही. सिनॅगॉगमध्ये मंद उजेडात खाली बसून विलापगीतांचं पठण होतं. धर्मग्रंथांचा एरवीचा अभ्यासही वर्ज्य, कारण त्याने मनाला आनंद होतो.

दुपारनंतर माणसं खुर्च्यांवर बसतात. काही सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या) घरांत बायका केरसुणी हाती घेतात, कारण मसीहाचा जन्म याच दिवशी, अशी श्रद्धा आहे. रात्री उपास सुटतो, पण अनेक घरांत मांस शिजतं ते दहाव्या दिवशी दुपारनंतरच: मंदिर त्या दिवशीही जळत होतं.